काकूंच्या करंड्यातली पूड

काकू मंगळवारी सकाळी गेल्या. त्यांचा मुलगा मेलबर्नजवळच्या टार्निटहून दुपारी आला. मी त्याला किल्ली दिली.

स्वयंपाकघरात उभ्या उभ्या पाणी पिऊन झाल्यावर त्याने मला विचारलं, "आईने तुझ्याकडे काही ठेवायला दिलंय का?"

मी करंड्याचं सांगितलं. हळदीकुंकवाचा करंडा, जर्मन सिल्व्हरचा, एका बाजूला पोचा आलेला. तो माझ्या फ्रिजमध्ये आहे हेही सांगितलं. "फ्रिजमध्ये का?" असं त्याने माझ्याकडे रोखून बघत विचारलं आणि मी उत्तर द्यायच्या आत तो ओट्यावरचे डबे उघडून बघायला लागला. मला त्याचा राग आला नाही. मी पहिल्यांदा या घरी आले तेव्हा काकूंनी माझ्याकडे असंच पाहिलं होतं, डोळे बारीक करून, मान जराशी वाकडी. इतकी वर्षं मेलबर्नला राहून, आईशी फोनवर निम्मं इंग्रजीत बोलून, त्याने आईकडून नेमकं तेवढंच उचललं होतं.

मी वॉलॉंगॉंगला आले ती युनिव्हर्सिटीत शिकायला. काकूंच्या मागच्या अंगणात एक खोली होती, तिला इथे ग्रॅनी फ्लॅट म्हणतात. इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर कुणीतरी नंबर टाकला होता, म्हणून फोन केला. पलीकडून बाईंचा आवाज आला, कोण हवंय? मी काकूंचं नाव घेतलं. त्या घरी नाहीत, तुम्ही कोण, असं विचारलं गेलं. मी माझं नाव, गाव, कोर्स, वडील काय करतात, सगळं सांगितलं. मग तोच आवाज म्हणाला, "हां, बोल. मीच."

खोली बघायला गेले तर भाड्याचं बोलणं नंतर, आधी प्रश्न आला, "तुला झाडं आवडतात?"

घराभोवती झाडं होती, आणि खोली मला हवी होती. हो म्हणणं सोपं होतं. पण मला खोटं बोलताना घाम येतो. मी म्हटलं की झाडांबद्दल वाचायला आवडतं, पण समोर आलेलं झाड ओळखता येत नाही. निलगिरी तेवढी कळते.

"निलगिरी इथे सगळ्यांनाच कळते," काकू म्हणाल्या. "ये राहायला."

माझ्या आधी आलेल्या नाशिकच्या मुलीने आपल्या कुंड्यांचे फोटो दाखवले होते. तिला काकूंनी खोली दिली नव्हती. हे मला फार पुढे कळलं, आणि का ते त्याच्याही पुढे.

काकू मूळच्या कुडाळकडच्या. नवरा इथल्याच पोर्ट केम्ब्लाच्या पोलाद कारखान्यात इंजिनिअर होता, त्याच्याबरोबर त्या तरुणपणी इथे आल्या आणि हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नोकरीला लागल्या. सगळं आयुष्य मायक्रोस्कोपला डोळा लावून काढलं. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्यांच्या संशयी स्वभावाचं मूळ लोक त्या एकटेपणात शोधायचे. मला ते पटत नसे. एकटं माणूस कुणीतरी यावं म्हणून दार उघडं ठेवतं. काकू दार लावून खिडकीतून बघायच्या.

कचऱ्याच्या डब्याचं झाकण लावताना त्या फटीत मोहरीचा एक दाणा ठेवत. सकाळी दाणा जागेवर नसला की रात्री कचरा हुंगत फिरणारा पोसम आला असेल असं मी म्हणे, आणि त्या म्हणत, पोसमला दोन पायसुद्धा असू शकतात. पार्सल आलं की आधी हलवून बघत. टीव्हीवर हवामान सांगणारी बाई हसली की म्हणत, ही काहीतरी लपवतेय. कुणाबद्दल मी चांगलं बोलले की त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं, "विश्वास काय, नंतर ठेवता येतो." हे त्या कडवटपणाने म्हणत नसत. भाजी निवडताना किडकं पान बाजूला काढावं, तितक्या सहज म्हणत.

रविवारी त्या बाहेर पडत. ट्रॅकपँट, बूट, डोक्याला रुमाल, खांद्याला कापडी पिशवी. कुठे जाता विचारलं की "पाय मोकळे करायला." कधी गाडीने दक्षिणेला जात, कधी ट्रेनने उत्तरेला. परत येत तेव्हा गुडघ्यांना माती लागलेली असे. पाय मोकळे करणाऱ्या माणसाच्या गुडघ्यांना माती का लागावी, हे माझ्या मनात यायचं. विचारायची हिंमत नव्हती.

आणि पिशवीत तो करंडा असायचा.

सुपरमार्केटच्या रांगेत काकू पिशवीतून पाकीट काढत असताना तो मंडळातल्या एका बाईंना दिसला. तेवढं पुरलं. नवरा गेल्यापासून काकू कुंकू लावत नव्हत्या, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बोलावलं तरी येत नव्हत्या. मग करंडा घेऊन दर रविवारी जंगलात कशाला जातात? एकीने गमतीत म्हटलं, करणीबिरणी करत असतील. कुणी हसलं नाही, त्यामुळे ती गंमत राहिली नाही. सगळ्या शिकलेल्या बायका, आयटीतल्या, बँकेतल्या. त्यानंतर काकूंनी कुणाच्या घरी वडीचा डबा पाठवला तर तो धुऊन परत यायचा, पण वड्या खाल्ल्या का हे कुणी सांगायचं नाही. मला येता-जाता विचारायच्या, तुला भीती नाही वाटत?

मी म्हणे, नाही. पण त्या सुमारास मी रात्री खोलीची कडी लावायला लागले होते, हे खरं आहे.

एकदा मला सर्दी झाली. काकूंच्या फ्रिजच्या दारात एका बाटलीवर त्यांच्या अक्षरात "सुंठ" लिहिलेलं होतं. मी चहात घालायला ती काढली, तर काकूंनी माझ्या हातातून ती अक्षरशः हिसकावली. काही न बोलता चप्पल घालून इंडियन दुकानात गेल्या, सुंठीचं नवं पाकीट आणलं आणि स्वतः काढा करून दिला. काढा पिताना मी त्या बाटलीकडे बघत होते. आत पिवळी पूड होती. सुंठीपेक्षा पिवळी, हळदीपेक्षा फिकी, आणि इतकी बारीक की बाटली तिरकी केल्यावर पाण्यासारखी वाहिली होती.

मंडळाचे सेक्रेटरी पुण्याचे. उत्साही माणूस, कुणाच्याही घरचं सामान हलवायला पहिला हजर. मंडळाचा गणपती दर वर्षी एक हॉल भाड्याने घेऊन बसतो. त्या वर्षी सेक्रेटरींनी ठरवलं होतं की पूजा साग्रसंगीत करायची, एकवीस पत्री मिळवायच्या. दूर्वा अंगणात, तुळस कुंडीत, डाळिंबाची पानं कुणाच्या तरी परसात. बाकीच्यांच्या जागी दर वर्षी कशाचीही हिरवी पानं वाहायचो आणि देव समजून घेतो म्हणायचो. त्या वर्षी आरतीच्या आधी सेक्रेटरींनी माइक हातात घेऊन सांगितलं की यंदा आपण देवदारसुद्धा मिळवलाय, इथल्याच जंगलातला.

काकू माझ्या शेजारी उभ्या होत्या. वर्षातून एवढ्या एका दिवशी त्या मंडळात येत, मागे उभ्या राहत आणि प्रसाद घेऊन जात. सेक्रेटरी बोलत असताना त्यांनी चष्मा पुसला. मग मान उंच करून गणपतीकडे पाहिलं. मूर्तीच्या पायाशी पत्रींचा ढीग होता आणि त्यात गडद हिरव्या, अरुंद, टोकदार पानांच्या काही फांद्या होत्या. पानांच्या बगलेत बोटाच्या पेराहून लहान, पिवळसर तुरे होते.

आरती सुरू झाली. हॉलमध्ये धुराचा अलार्म आहे, म्हणून उदबत्ती-कापूर लावताना मोठा पंखा लावायचा अशी आमची पद्धत. पंखा गणपतीच्या बाजूलाच होता. पानं हलत होती.

"पंखा बंद करा," काकू म्हणाल्या.

कुणाला ऐकू गेलं नाही. टाळ्या चालू होत्या. काकू माणसांतून वाट काढत पुढे गेल्या आणि भिंतीतलं बटण त्यांनी स्वतः बंद केलं. मग मूर्तीपाशी जाऊन त्या फांद्या एकेक करून उचलायला लागल्या, तान्ह्या बाळाला पाळण्यातून उचलावं तशा, मानेखाली हात घालून. आरती एका बाजूने थांबत गेली. पुढचे थांबले, मागच्यांना कळलं नाही, ते गात राहिले. एक बाई म्हणाल्या, "काकू, अहो, देवाला वाहिलेलं काढू नका."

"देवाचं देवाला परत मिळेल," काकू म्हणाल्या. "एक कोरी पेपर प्लेट द्या. आणि तो करंडा."

पूजेच्या ताटातला करंडा कुणी देईना. तेव्हा त्यांनी आपल्या पिशवीतून स्वतःचा काढला. जवळच्या बायका एक पाऊल मागे सरकल्या, हे मी पाहिलं. काकूंनी प्लेटवर एक फांदी आडवी धरली आणि तर्जनीने हलकेच टिचकी मारली. तुऱ्यांतून पिवळी पूड खाली पडली.

त्याच वेळी धूर वर पोचला आणि अलार्म वाजायला लागला. मुलांनी कानांवर हात ठेवले. दोघे-तिघे पुरुष धूर घालवायला टॉवेल हलवत धावले.

"वारा घालू नका!" काकू ओरडल्या. त्यांचा इतका मोठा आवाज मी आधी ऐकला नव्हता, नंतरही नाही. सगळे टॉवेल हवेत धरून उभे राहिले. अलार्म वाजतच होता. काकू एकेका तुऱ्याला टिचकी मारत होत्या, प्लेट दुमडून पूड करंड्याच्या हळदीच्या वाटीत घेत होत्या. कुंकवाची वाटी कोरडी, रिकामी, वर्षानुवर्षं न वापरलेली होती. मी जवळ उभी होते म्हणून मला दिसली.

अलार्म कुणीतरी बंद केला तेव्हा सेक्रेटरी पुढे आले. चेहरा पडलेला, पण स्वर समजुतीचा.

"काकू, देवदार आहे तो."

"देवदार हिमालयात असतो," काकू म्हणाल्या. "कुठून आणलात हे मला सांगायची गरज नाही. किती राहिलंय तेवढं सांगा."

मग उलगडलं ते असं. सेक्रेटरी मुलीला घेऊन खाडीपलीकडच्या जंगलात फिरायला गेले होते. तिथे त्यांना काकू दिसल्या, गुडघ्यांवर बसलेल्या, समोर एक झुडूप, हातात हळदीकुंकवाचा करंडा. अशी बसलेली मराठी बाई पाहून सेक्रेटरींनी जो अर्थ काढला तो आपल्यातल्या कुणीही काढला असता. काकू पूजा करतायत. म्हणजे झाड पूजेचं आहे. पानं पाइनसारखी, म्हणजे आपला देवदार, इथे बुटका होत असेल. आणि काकू ते कुणाला सांगत नाहीत, कारण काकू कुणालाच काही सांगत नाहीत. चतुर्थीच्या आदल्या दिवशी ते कात्री घेऊन गेले. आधी झाडाला नमस्कार केला, हेही त्यांनी सांगितलं.

"फांद्या कापताना मुळासकट हातात आलं, काकू. कडेची वाळू भुसभुशीत होती. पण मी परत लावलंय नीट. पाणीपण घातलं. नो वरीज."

काकूंनी करंड्याचं झाकण लावलं. "मला ठाऊक असलेला तो एकच नर होता," त्या म्हणाल्या. एवढ्या वर्षांत त्या झाडाबद्दल चार माणसांसमोर काढलेलं हे त्यांचं पहिलं वाक्य. कुणाला काही कळलं नाही. फांद्या त्यांनी पुन्हा गणपतीच्या पायाशी ठेवल्या, हात जोडले आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "उद्या सकाळी युनिव्हर्सिटीत जायचं नाहीये तुला."

दुसऱ्या दिवशी निघण्याआधी त्यांनी माझा फोन मागितला आणि तांदळाच्या डब्यात ठेवला. त्यांचा आधीच तिथे होता. फोन आपण कुठे गेलो ते लिहून ठेवतो, फोटो काढला तर त्या फोटोलाही जागा कळते, असं त्या म्हणाल्या. ट्रेन किनाऱ्याने उत्तरेला जात होती. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला डोंगराची भिंत. डब्यात आमच्या आसपास कुणी नव्हतं, तरी काकू हळू आवाजात बोलत होत्या.

त्यांच्या माहेरी घरामागच्या रानात नरक्याची झाडं होती. झाडाला वाईट वास, म्हणून ते नाव. औषधासाठी परदेशात लाकूड जातं हे गावात कुणालाच ठाऊक नव्हतं. काकूंचे वडील शाळामास्तर, झाडांचे वेडे. एकदा एक सभ्य गृहस्थ आले, जेवले, वडिलांच्या माहितीचं कौतुक केलं. वडिलांनी उत्साहाने त्यांना रानात नेऊन एकेक झाड दाखवलं. पुढच्या खेपेला काकू माहेरी गेल्या तेव्हा रानात नुसते बुंधे होते. वडील त्यानंतर पाहुण्यांशी बोलेनासे झाले.

"माणूस वाईट होता असं नाही गो," काकू म्हणाल्या. "बाबांना म्हणाला होता, मास्तर, तुमच्यासारखा जाणकार भेटला नाही. तेवढंच."

जागेचं नाव मी लिहिणार नाही. समुद्र ऐकू येतो पण दिसत नाही, एवढं सांगते. वाळूची जमीन, उंच गम ट्री, म्हणजे निलगिरी, त्यांच्याखाली बँक्सियाची झुडपं आणि नेचे, मध्येच वालुकाश्माच्या कपारी. काकू पायवाटेने सरळ चालत गेल्या, मग थांबून बुटाची नाडी बांधली, मागे कुणी आहे का बघितलं आणि आल्या वाटेने परत फिरल्या. आपलं जिथे काही असतं तिथे पहिल्या फेरीत थांबायचं नाही, असा त्यांचा नियम होता. दुसऱ्या फेरीत त्या वाटेवरून उतरून एका कपारीखाली गेल्या.

मी ते झाड पायाखालीच घेणार होते. गुडघ्याएवढं, पसरट, जमिनीवर टेकलेलं झुडूप. पानं टोचरी. इंग्रजीत ज्याला प्लम पाइन म्हणतात त्याचं मोठं झाड इथे बागांत लावतात, हा त्याचा बुटका भाऊबंद. किनाऱ्यालगतच्या जंगलांतच होतो, तोही विरळ. वणव्यात वरून जळला तरी खालून फुटतो. जात पाइनची, पण कोन लाकडी नाही. फळ धरलं तर काळंजांभळं, गरदार, आणि बी त्याच्या टोकाला बाहेर.

"काजूसारखं," काकू म्हणाल्या. "बोंडू वेगळा, बी वेगळी. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा कोकणातच आहे असं वाटलं."

आणि या झाडात नर वेगळा, मादी वेगळी. काकूंना सापडलेली ही सगळी झुडपं मादी होती. बहुधा एकाच मुळातून पसरलेली. जवळपास नर नाही, म्हणून बी धरत नाही, नवं रोप येत नाही. हे सगळं त्यांनी एकट्याने, लॅबमधल्या जुन्या भिंगाने, कुणाला न विचारता शोधलं होतं. माहेरी फागलं नावाची रानभाजी होती, मुंबईत जिला करटोली म्हणतात. त्यातही नराचा वेल वेगळा, आणि काकूंची आई सकाळी नराचं फूल खुडून मादीच्या फुलाला टेकवत फिरायची. तेच इथे करायचं काकूंनी ठरवलं. खाडीपलीकडे त्यांना एक नर सापडला. त्याची पूड वाहून आणायला घट्ट झाकणाचं, खिशात मावणारं भांडं हवं होतं. करंडा घरात नुसताच पडून होता. उरलेली पूड सुंठीच्या बाटलीत, फ्रिजमध्ये.

परवानगी का नाही काढली, असं मी विचारलं. सरकारी जंगल, पान तोडायचं तरी विचारावं लागतं.

"विचारलं की जागा सांगावी लागते," काकू म्हणाल्या. "मग ती कुठल्यातरी कॉम्प्युटरात जाते. मग कुणीतरी जाणकार निघतो."

काही वर्षं त्या पूड आणत होत्या आणि बी धरत नव्हती. त्या दिवशी त्यांनी भिंग एका फांदीवर धरलं आणि बराच वेळ तसंच ठेवलं. मग मला बघायला सांगितलं. पानाच्या बगलेत हिरवा मण्यासारखा ठिपका होता आणि त्याच्या टोकाला पाण्याचा एक थेंब, दवापेक्षा लहान. झाड स्वतः तो थेंब बाहेर काढतं. पूड त्याला चिकटली की थेंब आत ओढून घेतं.

"दर वर्षी मी यायची तेव्हा हा सुकलेला असायचा," त्या म्हणाल्या. "तिकडचा नर उशिरा पिकतो. मी तो पूर्ण पिकायची वाट बघायची." मग भिंग पदरासारखं रुमालाच्या टोकाने पुसत, "सेक्रेटरीने फांद्या अगोदर कापल्या. रात्रभर हीटरपाशी ठेवल्या असणार, म्हणून तुरे उघडले. पूड वेळेवर मिळाली." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "हे त्याला सांगायचं नाही."

पिशवीतून त्यांनी फुलवात काढली, समईसाठी करतो तशी. तिचं टोक करंड्यात बुडवून त्या एकेका थेंबाला टेकवत गेल्या. त्यांचे हात लॅबचे होते, थरथरत नव्हते. मी पानं बाजूला धरली. दुपारपर्यंत माझे हात ओरखडले होते. येताना त्यांनी आपल्या पावलांचे ठसे पाल्याने पुसले.

सेक्रेटरींनी परत लावलेला नर जगला नाही. काकू त्याला बघून आल्या आणि त्यावर काही बोलल्या नाहीत. बोलले ते सेक्रेटरी. आधी रागावले होते, मग माझ्याकडून बाकीचं ऐकल्यावर त्यांना झोप लागेना. सुट्टीच्या दिवशी ते किनाऱ्याच्या जंगलांत दुसरा नर शोधायला लागले. दिसेल त्या टोचऱ्या झुडपाचा फोटो मला पाठवायचे, हा का? काकूंना दाखवला की त्या म्हणत, हा नाही, आणि त्याला सांग फोटो पुसून टाक. एकदा मी म्हटलं, तुम्ही आधीच त्यांना सांगितलं असतं तर त्यांनी तो नर राखला असता. दिवसरात्र पहारा केला असता.

काकू वाटाणे सोलत होत्या. "असता," त्या म्हणाल्या. एक शेंग सोलून झाली. "किंवा मंडळाची सहल काढली असती."

दोन्ही खरं होतं. मला आजही ठरवता येत नाही.

पुढल्या वर्षी फळं धरली. काळी, फुगलेली, टोकाला हिरवी बी. पक्ष्यांनी नेऊ नयेत म्हणून काकूंनी मोसंब्यांच्या जाळीच्या पिशव्या कापून फळांभोवती शिवल्या. पिकल्यावर बिया घरी आणल्या नाहीत, तिथेच कपारीखाली पाल्यात खोचल्या. मग वाट बघणं सुरू झालं, आणि त्याच वाट बघण्यात काकूंचं पोट दुखायला लागलं.

शेवटचे महिने त्या घरीच होत्या. नर्स यायची, तिला त्या प्रत्येक बाटलीवरचं लेबल मोठ्याने वाचायला लावत. तिलाही सवय झाली होती, ती वाचताना हसायची. काकू म्हणत, हसते म्हणजे काहीतरी लपवते. मी युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीत नोकरीला लागले होते, संध्याकाळी त्यांच्यापाशी बसे. चालता येत नव्हतं, म्हणून रविवारची फेरी माझ्याकडे आली होती. पहिल्या फेरीत थांबायचं नाही, ठसे पुसायचे, फोन तांदळात.

एका रविवारी तिथे रोप होतं.

काडेपेटीतल्या काडीएवढं. मी तिथे वाळूत बसून राहिले आणि मग मला उमगलं की माझ्याकडे दाखवायला काहीच नाही. फोन घरी तांदळाच्या डब्यात होता. रोप उपटून नेता येत नव्हतं.

काकूंना सांगितलं. त्या उशीला टेकून ऐकत होत्या. चेहऱ्यावर काही हललं नाही.

"मला बरं वाटावं म्हणून सांगत्येस."

मी म्हटलं, नाही. शपथ घेतली. शपथा कुणीही घेतं, त्या म्हणाल्या. मी म्हटलं, पुढच्या वेळी फोन नेते, फोटो काढून आणते. त्यावर त्यांनी डोळे मोठे केले, एवढंही त्यांना त्या दिवसांत जड जायचं. "खबरदार," त्या म्हणाल्या.

मग उलटतपासणी सुरू झाली. दम लागत होता, मध्ये थांबत होत्या, पण एकही प्रश्न सोडला नाही. कुठे आहे? कपारीच्या डाव्या अंगाला. पहिली पानं किती? दोन, समोरासमोर. त्यांच्यावर? बारीक पानांचा झुबका. बीचं टरफल? एका पानाच्या टोकाला अजून अडकलेलं आहे. हे सगळं तू पुस्तकात वाचू शकतेस, त्या म्हणाल्या. तू पुस्तकवाली आहेस.

खरंच, वाचू शकले असते.

"हात लावलास?"

"नाही."

"एकदाही?"

"नाही, काकू. तुम्ही सांगितलं होतंत."

"पानं टोचतात?"

"छे, अजून कोवळी आहेत. मऊ लागतात."

बोलून गेल्यावर माझ्या लक्षात आलं. काकूंच्या आधीच आलं होतं. त्यांनी डोळे बारीक केले, मान जराशी वाकडी केली. त्या कितीतरी वेळ तशाच बघत राहिल्या, आणि मग त्यांचा चेहरा सैल पडत गेला, आधी कपाळ, मग ओठ.

"लबाड," त्या म्हणाल्या. "हात लावलास गो." आणि माझ्या मनगटावर आपला हात ठेवून डोळे मिटले. "म्हणजे आहे."

त्यानंतर रोपाबद्दल त्यांनी काही विचारलं नाही. करंडा आणि बाटली तू ने, एवढं सांगितलं. मंगळवारी त्या गेल्या.

मुलाने घरातले सगळे डबे बघितले. तांदळाच्या डब्यात त्याला आईचा फोन सापडला. तो त्याने खिशात घातला आणि मला काही विचारलं नाही. जाताना दारात थांबून म्हणाला की करंडा तू ठेव, मला काय करायचाय. मग, "शी ट्रस्टेड यू, आय गेस." मी म्हटलं, फारसा नाही. तो पहिल्यांदा हसला, आणि त्या हसण्यात आईचं काहीच नव्हतं.

करंडा माझ्या फ्रिजमध्ये आहे, शेजारी सुंठीची बाटली. तिच्यात तळाशी थोडी पूड उरली आहे, ती आता बहुधा निकामी झाली असेल. सेक्रेटरींचे फोटो अजून येतात, अजून त्यातला एकही तो नाही. मी त्यांना फोटो पुसायला सांगते. ते पुसतात की नाही, ठाऊक नाही.

रोप जागेवर आहे. त्याची पानं आता टोचतात. ते नर आहे की मादी, हे कळायला अजून बरीच वर्षं लागतील.